मात्रा

आमच्या कोकणात दिवाळीचा पहिला घास गोड नसतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले, की ओल्या केसांनीच तुळशीवृंदावनापाशी जायचे, तिथे ठेवलेले हिरवे कारीट डाव्या पायाच्या अंगठ्याखाली चिरडायचे आणि त्याचा रस जिभेला लावायचा. नरकासुर मेला असे समजायचे आणि मग घरात येऊन फराळाला बसायचे. गोडाचे, तिखटाचे, दुधातले, ताकातले असे चार तऱ्हांचे पोहे वाट पाहत असत. परंतु त्यांच्या आधी हे कडू. लहानपणी मला या चालीचा फार राग येई. मी जीभ आत ओढून घेई आणि लावले म्हणून खुशाल सांगे. मावशी मात्र फसत नसे. ती माझे मनगट धरून म्हणे, “बोटाच्या टोकाएवढंच लाव. कडू म्हणून भ्यायचं नाही, आणि गुणाचं म्हणून मूठभर खायचंही नाही.”

माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली. मला वाढवले ते या मावशीने. तिचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण आळीत कोणाच्याही घरी पाळणा हलला, की बाळगुटी उगाळायला तिलाच बोलावणे येई. सहाणेवर दुधाचे चार थेंब टाकून ती एकेक काष्ठौषधी उगाळी आणि तोंडाने वळसे मोजी. हिरड्याचे इतके, मुरुडशेंगेचे इतके, वेखंडाचा एवढाच. त्या गाठोड्यात अतिविष नावाचीही एक मुळी असे. नावातच विष, आणि ती तान्ह्या बाळाच्या ओठी! जायफळापाशी आली की मावशी बोलणे थांबवी. “याचा एकच वळसा,” ती नव्या आईला बजावी, “दुसरा घेतलास तर पोर झोपेतून उठायचं नाही.” औषध म्हणजे काय, याची व्याख्या मला त्यानंतर कुठल्याही पुस्तकात त्याहून चांगली सापडलेली नाही.

अशा या बाईच्या मानेत सात वर्षांपूर्वी गाठी आल्या. तालुक्याच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवले. तिथे गाठीचा तुकडा काढून तपासला आणि लसिकाग्रंथींचा कर्करोग, हॉजकिनचा म्हणतात तो, असे निदान झाले. डॉक्टर म्हणाले, “दर पंधरवड्याला शिरेतून चार औषधे द्यावी लागतील. त्रास होईल, केस जातील. पण या रोगाला औषध लागू पडते. वय झाले असले तरी प्रयत्न करण्यासारखा आहे.” मावशीने सारे ऐकून घेतले आणि बाहेरच्या बाकावर बसता बसता मला म्हणाली, “ते विष मला नको. मला घरी ने.”

घरी आल्यावर आमचे एक दूरचे नातेवाईक भेटायला आले. माणूस अत्यंत सज्जन. दुसऱ्यासाठी रात्री-अपरात्री धावणारा आणि कोणाकडून पैसुद्धा न घेणारा. त्यांनी कुठेसे ऐकले होते, की कॅन्सरचे औषध सदाफुलीतूनच काढतात. अंगणात तुळशीच्या कडेने सदाफुलीची रांगच्या रांग होती. त्यांनी स्वतःच्या हाताने पाने खुडली, वाटली, गाळली आणि सकाळ-संध्याकाळ एक एक पेला, असा क्रम लावून दिला. मुंबईचे नाव मागे पडले. घरात सर्वांनाच हायसे वाटले.

एका संध्याकाळी मावशी ओटीवर बसली होती. हातात तो हिरवट पेला होता. तिने मला विचारले, “बाळू, तू चार पुस्तकं वाचतोस. या पाण्याने गुण येईल ना रे?”

मी म्हणालो, “येईल.”

एवढेच. एक शब्द. पुढे सात वर्षे मी या शब्दाशी भांडत आलो आहे. तो मी का उच्चारला? दयेपोटी, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितले. पण ते पुरते खरे नाही. मुंबईला राहायचे कुठे, खर्च कसा भागवायचा, शाळेतून रजा किती मिळेल, हे सारे मनात होतेच. शिवाय त्या वर्षी माझी एक कादंबरी अर्धी लिहून पडली होती आणि मला ती पुरी करायची होती. मावशीला धीर देण्यासाठी मी ‘येईल’ म्हटले, हे खरे. परंतु त्या एका शब्दाने मला घरी बसण्याची मोकळीक मिळाली, हेही तितकेच खरे.

चार महिने गेले. गाठी वाढल्या. रात्री घामाने अंथरूण भिजू लागले, ताप येऊ लागला, मावशी हातापायांनी काडीसारखी झाली. तेव्हा कुठे आम्ही पुन्हा मुंबई गाठली. या खेपेला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी चार औषधांची नावे कागदावर लिहून दिली. त्यांतले विनब्लास्टिन हे नाव मला वाचता येईना, म्हणून मी विचारले. त्या सहज म्हणाल्या, “हे सदाफुलीपासून काढतात. तुमच्या दारात असेल.”

मावशी हसली. कितीतरी दिवसांनी हसली. “मग मी इतके दिवस काय पीत होते?”

“झाड तेच होतं, आजी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण त्यातून किती पोटात जातंय ते कोणाला ठाऊक होतं?”

त्या दोघींच्या मध्ये मी उभा होतो. मावशीचे हसू विरलेले मी पाहिले. जायफळाचा दुसरा वळसा कोणाला घेऊ न देणाऱ्या बाईला त्या प्रश्नाचा अर्थ माझ्याआधी कळला होता. रात्री ती मला म्हणाली, “जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांसाठी वळसे मोजले आणि स्वतःच्या वेळेला पेलाच तोंडाला लावला. माझं चुकलंच. पण बाळू, तुला मी विचारलं होतं रे.”

उपचार झाले. दोन वर्षे बरी गेली. मग रोग उलटला आणि मावशी गेली. ते चार महिने वाया गेले नसते तर ती वाचली असती काय? मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी ‘हो’ म्हटले नाही आणि ‘नाही’ही म्हटले नाही. एका माणसाच्या बाबतीत असे सांगता येत नाही, एवढेच ते म्हणाले. त्यांच्या त्या उत्तरात मला माझ्या ‘येईल’पेक्षा अधिक दया दिसली, हे सांगायला हवे.

त्यानंतर मी या झाडाविषयी मिळेल ते वाचू लागलो. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. रसायनशास्त्राची परिभाषा मला झेपत नाही. परंतु कथा लिहिणाऱ्याला कथा समजते, आणि सदाफुलीची कथा मोठी विलक्षण आहे.

जिला आपण जन्माची शेजारीण समजतो ती सदाफुली मुळात इथली नव्हे. ती मादागास्कर बेटाची. शोभेचे फूल म्हणून ती साऱ्या उष्ण मुलखांत पसरली, आणि जिथे गेली तिथे तिच्या पानांचा काढा मधुमेहावर देण्याची चाल पडली. १९५२ साली जमैकातून अशीच थोडी पाने कॅनडातील क्लार्क नोबल या डॉक्टरांकडे पाठवण्यात आली. तिथले लोक मधुमेहावर या पानांचा काढा पितात, असे त्यांना कळवले होते. त्यांनी ती आपल्या भावाकडे, रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. लंडन नावाच्या कॅनडातील गावी विद्यापीठात ते संशोधन करीत होते. रॉबर्ट नोबल यांनी उंदरांना पानांचा अर्क पाजून पाहिला. रक्तातील साखरेवर काहीएक परिणाम झाला नाही. मग त्यांनी तो टोचून पाहिला. साखर तशीच राहिली. पण उंदीर मात्र जंतुदोषाने मरू लागले.

इथे एखाद्याने पाने फेकून दिली असती. दुसऱ्या एखाद्याने ‘लोक पितात म्हणजे गुण असणारच’ असे म्हणून साखरेचा आकडा थोडा खाली लिहिला असता. नोबल यांनी दोन्ही केले नाही. उंदीर का मेले, एवढेच त्यांनी विचारले. उत्तर असे निघाले, की त्या अर्काने रक्तातल्या पांढऱ्या पेशीच नाहीशा होत होत्या, म्हणून जंतूंशी झगडायला शरीरात कोणी उरत नव्हते. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात तो रक्ताचा कर्करोग. मग त्या वाढीला हे विष आवर घालील काय? चार्ल्स बीअर या रसायनज्ञाने ते द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि १९५८ साली दोघांनी ते जगापुढे ठेवले. त्याच सुमारास अमेरिकेतील लिली कंपनीचे संशोधकही याच झाडाच्या मागे होते. विनब्लास्टिनपाठोपाठ विनक्रिस्टिन हे तिचे भावंड हाती आले आणि १९६३ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्या काळी रक्ताचा कर्करोग झालेले मूल म्हणजे जवळजवळ गेलेलेच मूल. आज इतर औषधांच्या जोडीने विनक्रिस्टिन दिले जाते आणि जिथे उपचार नीट मिळतात तिथे अशी बहुसंख्य मुले बरी होऊन शाळेत जातात. माझ्यासारख्या शिक्षकाला या वाक्याची किंमत वेगळी सांगायला नको.

हे द्रव्य करते काय, तेही मी समजून घेतले. पेशी दुभंगून एकीच्या दोन होताना आत बारीक सूत्रे ताणली जातात आणि त्यांच्या आधाराने मालमत्तेची वाटणी होते. सदाफुलीचे द्रव्य ती सूत्रे जुळूच देत नाही. वाटणी अडते आणि पेशी मरते. परंतु शरीरात वाढणाऱ्या पेशी काय एकट्या रोगाच्याच असतात? केसांच्या मुळाशी, आतड्यांच्या अस्तरात, हाडांतल्या मगजात अहोरात्र वाढ चालू असते. तिथेही तो घाव बसतोच. विनक्रिस्टिनने तर मज्जातंतू दुखावतात, बोटे बधिर होतात. आणि चुकून पाठीच्या कण्यातल्या द्रवात गेले तर ते माणसाचा जीव घेते. मावशी त्याला विष म्हणाली, ते चूक नव्हते. सदाफुलीने ते किड्यांसाठी साठवले आहे. आमच्या रोगाची तिला वार्ता नाही. शेळीदेखील तिला तोंड लावीत नाही, हे आपण रोज पाहत असतो. त्याचा अर्थ मात्र विचारीत नाही.

आणि त्या विषाचे प्रमाण तरी केवढे? एक ग्रॅम विनब्लास्टिन मिळवायला सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात. पानात शंभराहून अधिक निरनिराळी अल्कलॉइडे आहेत. त्या गर्दीतून एकाला शोधून, निवडून, तोलून शिरेत सोडायचे असते. मावशीच्या पेल्यात त्यातले काय होते, किती होते, आज किती आणि उद्या किती, हे सांगणारा कोणी नव्हता. पेल्यात होती ती आमची इच्छा.

सदाफुली एकटीच नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८२ या काळात सुमारे ३५ हजार वनस्पती तपासल्या. त्यांतून माणसाच्या उपयोगी पडलेली औषधे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी हजारो वेळा कोणीतरी वहीत ‘उपयोग नाही’ असे लिहिले. मला त्या ‘नाही’ लिहिणाऱ्यांचे फार नवल वाटते. एकेका झाडावर कोणाची तरी आशा टांगलेली असणार. तरी त्यांनी नाहीला होय म्हटले नाही.

या शोधयात्रेत आपल्या नंदुरबारचा एक मनुष्य होता, हे फार थोड्यांना माहीत आहे. मनसुख वाणी यांचा जन्म नंदुरबारला १९२५ साली झाला. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेत गेले आणि नॉर्थ कॅरोलायनातील प्रयोगशाळेत मन्रो वॉल यांचे सहकारी झाले. पॅसिफिक यू नावाच्या, अतिशय सावकाश वाढणाऱ्या वृक्षाची साल १९६२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील अरण्यातून गोळा झाली होती. तिच्यातून या जोडीने टॅक्सॉल वेगळे केले आणि १९७१ साली त्याची घडण प्रसिद्ध केली. रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली १९९२ साली. साल हाती आल्यापासून तीस वर्षे! शिवाय साल सोलली की झाड मरते. एकेका रुग्णामागे अनेक वृक्ष पाडायचे काय, असा प्रश्न उभा राहिला आणि पुढे दुसऱ्या जातीच्या यू वृक्षाच्या पानांपासून ते बनवण्याची वाट निघाली.

त्याच दोघांनी १९६६ साली एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन शोधले. ते रोग्यांना देऊन पाहिले, तेव्हा मूत्राशयातून रक्त जाऊ लागले, आणि प्रयोग थांबवण्यात आले. हाती आलेले औषध खाली ठेवायला किती धैर्य लागले असेल! त्याच्यात फेरफार करून सोसवतील अशी दोन औषधे तयार झाली, ती १९९६ साली. दरम्यान १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या एका झाडात आढळले होते. त्या झाडाला उग्र दुर्गंधी येते. मराठीत त्याला नरक्या म्हणतात. आणि मौज अशी, की त्याचेच दुसरे नाव अमृता. एकाच झाडाला नरक आणि अमृत अशी दोन्ही नावे देणारे आपले पूर्वज मला त्या नुसत्याच ‘येईल’ म्हणणाऱ्या पुस्तकवाचकापेक्षा अधिक शहाणे वाटतात. पुढे या नरक्याची परदेशातल्या मागणीपायी बेसुमार तोड झाली. विषाला मात्रा हवी तशी हावेलाही हवी. पण ती कथा निराळी.

कोणी म्हणेल, “मग आजीबाईच्या बटव्याला आता चुलीत घालायचे काय?” मला तसे मुळीच म्हणायचे नाही. जमैकातल्या लोकांनी ती पाने उकळून प्यायली नसती तर नोबल यांच्या हाती ती आलीच नसती. लोकांनी रोग चुकीचा धरला होता, पण झाडाकडे बोट बरोबर दाखवले होते. बोट दाखवणे हे मोठेच काम आहे. फक्त ते वाटेचे पहिले पाऊल आहे, मुक्काम नव्हे. आणि बटवा मावशीचाही होता. त्या बटव्याचा प्राण मोजण्यात होता. पेला भरून देणाऱ्यांनी त्याचे नाव तेवढे घेतले आणि मोजणे सोडून दिले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आजारी माणसाला आशा देणे पुण्याचे, असे आपण मानतो. ज्याच्या पुढे मरण उभे आहे त्याला एक गोड शब्द दिला तर बिघडले कुठे? मीही असेच म्हणत असे. परंतु आशा हीसुद्धा एक काष्ठौषधीच आहे. ती मुळीच दिली नाही तर माणूस खचतो. बेहिशेबी दिली तर जागे व्हायच्या वेळी तो झोपून राहतो. माझ्या एका ‘येईल’ने मावशी चार महिने झोपून राहिली. जायफळाचा दुसरा वळसा मी दिला.

मग काय, सत्य तोंडावर फेकून मोकळे व्हायचे? तेही मला पटत नाही. “हे पाणी निरुपयोगी आहे,” एवढेच बोलून मी माझ्या खोलीत लिहायला गेलो असतो तर ते खरे असूनही निष्ठुर ठरले असते. मला त्या संध्याकाळी दुसरे वाक्य सुचायला हवे होते: “मावशी, या पाण्याचा मला भरवसा नाही. त्या औषधाची तुला भीती वाटते, मलाही वाटते. पण मी रजा काढतो आणि तुझ्याबरोबर येतो.” यातले पहिले वाक्य सत्याचे, शेवटचे दयेचे, आणि शेवटचे वाक्य पाठीशी असल्यावाचून पहिले बोलायचा धीर होत नाही. खोटी आशा देणाऱ्याला घरी बसता येते. खरे सांगणाऱ्याला बरोबर जावे लागते. सत्य आणि दया यांचे भांडण आहे असे आपण समजतो. मला तर आता वाटते, की आपले खरे भांडण आपल्या आळसाशी आणि भीतीशी असते आणि दयेचे नाव आपण पुढे करतो.

गेल्या श्रावणात माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील शाळेच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्यांच्या आईला असेच काही निघाले होते. हातातल्या पिशवीत सदाफुलीची पाने होती. “गुरुजी, देऊ का हे?” त्यांनी विचारले. माझ्या तोंडाशी किती उत्तरे आली! मी त्यांना बाकावर बसवले आणि मला ठाऊक होते तेवढे सांगितले: या झाडातून औषध निघते हे खरे, पण या पाण्यात ते किती हे कोणी सांगू शकत नाही; डॉक्टरांना विचारल्यावाचून एक घोटही देऊ नका. ते गप्प झाले. त्यांच्या चेहऱ्यावरची आशा मावळलेली मला दिसली, आणि त्या क्षणी मी फार क्रूर आहे असे मला वाटले. मग मी विचारले, “मुंबईला कधी निघायचं? मी येतो.”

आम्ही दोनदा जाऊन आलो आहोत. म्हातारीचे पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. तिलाही मी तसेच सांगितले आहे.

अंगणातली सदाफुली मी उपटलेली नाही. मावशी गेल्यावर एकदा तसे मनात आले होते. पण झाडाचा काय अपराध? त्याने कधी कोणाला काही वचन दिले नव्हते. यंदाही ती तुळशीभोवती दाट फुलली आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे तिथेच कारीट ठेवायचे आणि माझ्या मुलाने जीभ आत ओढून घेतली, की त्याचे मनगट धरायचे आहे. बोटाच्या टोकाएवढेच लाव, असे त्याला सांगायचे आहे. आणि आधी माझ्या जिभेला लावून.